उंदरांच्या ओळखीचे डॉक्टर

डॉ. विश्वंभर कारखानीस यांना मोकळी भिंत सहन होत नसे. कुणाकडे गेले आणि बाहेरच्या खोलीत एखादी भिंत रिकामी दिसली, की ते यजमानांना विचारत, "इथे काही लावत का नाही?" यजमान घाईघाईने कॅलेंडर आणायचं राहिलंय वगैरे सांगत. सर नुसती मान हलवत. त्यांच्या मनात कॅलेंडर नसायचं. ज्याच्या आयुष्यात भिंतीवर लावण्याजोगं काही घडलंच नाही अशा माणसाबद्दल वाटावी तशी सौम्य कीव त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

पनवेलच्या बाहेर, जुन्या हायवेला लागून असलेल्या एका संशोधन संस्थेत मी ग्रंथपाल होतो आणि सर रेणवीय जीवशास्त्र विभागाचे प्रमुख होते. संस्था एका ट्रस्टची. ग्रंथालयात पुस्तकं बेताची आणि वाचणारे त्याहून बेताचे, त्यामुळे संस्थेत मराठीत जे काही लिहायचं असे ते माझ्याकडे येई. निमंत्रणपत्रिका, मानपत्रं, आणि सरांच्या फोटोंखालच्या ओळी. या शेवटच्या प्रकारात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. "मा. अमुक यांच्या शुभहस्ते शाल व श्रीफळ स्वीकारताना डॉ. कारखानीस." यात फक्त अमुक बदलायचा. शाल, श्रीफळ आणि डॉक्टर कायम.

सरांचा विषय अल्झायमरचा आजार. माणूस हळूहळू सगळं का विसरतो, त्या वेळी मेंदूच्या पेशींत नेमकं काय बिघडतं, याचा शोध. त्यांना विषय येत नव्हता असं मी म्हणणार नाही. तरुणपणी परदेशात त्यांनी चांगलं काम केलं होतं असं जाणकार सांगत, आणि समजावून सांगण्याची हातोटी तर मी स्वतः पाहिली आहे. एकदा ग्रंथालयात मी विचारलं की मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या होतात म्हणजे काय. सरांनी अंगावरची शाल काढून टेबलावर पसरली.

"लेले, हे प्रथिन समजा. नीट घडी झाली तर कपाटात मावतं, काम करतं." त्यांनी घडी घातली. "आता एकाची घडी चुकली." त्यांनी शाल चुरगळली. "शेजारची शाल याला चिकटते, तिचीही घडी बिघडते. मग तिच्या शेजारची. शेवटी कपाटाचं दार लागत नाही. पेशी मरते ती अशी."

इतकं स्वच्छ मी नंतरही कुणाकडून ऐकलं नाही. फक्त, ऐन मे महिन्यात पनवेलच्या दमट उकाड्यात हा माणूस खांद्यावर शाल घेऊन ग्रंथालयात का आला होता, हा प्रश्न मला पडला होता. खाली फोटोग्राफर थांबला होता, हे नंतर कळलं.

त्यांच्या काही सवयी सांगायला हव्यात, कारण पुढे जे झालं ते या सवयींमुळेच झालं.

पहिली सवय वाचनाची. विद्यार्थ्याचा प्रबंध हाती आला की सर तो उघडत आणि ऋणनिर्देश वाचत. काळजीपूर्वक, पेन हातात घेऊन. आपलं नाव पहिल्या परिच्छेदात आहे का, विशेषणं किती आहेत, आपल्याआधी कुणा काकाचा किंवा देवाचा नंबर लागलाय का, हे तपासून ते दुरुस्त्या सुचवत. "'मार्गदर्शक' च्या आधी 'द्रष्टे' घाला." मग बाकीचा प्रबंध अंगठ्याखालून पत्त्यांसारखा सोडत आणि सही करत.

दुसरी सवय डॉक्टर असण्याची. सर पीएच.डी. होते. नाडी बघणारे डॉक्टर नव्हते. पण वर्तमानपत्रात त्यांनी तयार केलेल्या औषधाच्या रेणूची बातमी आली, आणि कामोठ्यापासून उरणपर्यंतचे लोक आपले विसरभोळे आईबाप रिक्षात घालून संस्थेच्या फाटकाशी आणू लागले. कुणी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणे, पाया पडे. सरांनी एकदाही सांगितलं नाही, की मी तो डॉक्टर नव्हे. उलट शनिवार हा भेटीचा वार ठरवून टाकला.

त्या रेणूचं नाव व्हीके-नऊ. विश्वंभर कारखानीस, क्रमांक नऊ. मी विचारलं होतं, "सर, एक ते आठ?"

"एक ते आठ असावे लागतात असं नाही, लेले. लोकांना वाटलं पाहिजे की मागे काम झालंय."

तिसरी सवय सत्काराची, आणि तिचं पंचांग. दिवाळी झाली की सरांचा हंगाम सुरू होई तो शिमग्यापर्यंत चाले. शाळांची स्नेहसंमेलनं, ज्ञातिमंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, पतपेढ्यांचे वर्धापनदिन. सर बोलावलं तिथे जात आणि बोलावलं नाही तिथे निरोप पाठवत. पितृपक्षात मात्र हार-शाल सगळं बंद. त्या पंधरवड्यात कोण कुणाचा सत्कार करणार? एकदा कळंबोलीच्या कुठल्याशा मंडळाला दुसरी तारीख मिळेना, म्हणून त्यांनी पितृपक्षातली सुचवली. सर फोनवर म्हणाले, "माझा विश्वास नाही. पण फोटो आयुष्यभर राहतो. बघणाऱ्याने तारीख वाचली तर?"

फोटो केबिनमध्ये मावेनासे झाले तेव्हा ते प्रयोगशाळेतल्या टाकीच्या खोलीत गेले. पाहुण्यांना दाखवायची खोली तीच, आणि तिथे मोठी मोकळी भिंत होती. फोटोंची मांडणीही ठरलेली. सगळ्यात मोठ्या पाहुण्यासोबतचा फोटो मधोमध, हातभर रुंद सोनेरी चौकटीत. बाकीचे मानाप्रमाणे दोन्ही बाजूंना. त्यामुळे नवा सत्कार झाला की सगळ्या भिंतीची उलथापालथ व्हायची. आमदाराने माजी कुलगुरूंना सरकवलं, खासदाराने आमदाराला. फोटो वाढले की मधोमधही सरके, तशी सोनेरी चौकट कधी भिंतीच्या या टोकाकडे, कधी त्या टोकाकडे जाई. हंगामात हे दर दोन-चार दिवसांनी चाले, आणि सर स्वतः स्टुलावर चढून करत. हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही.

आता टाकी. मोठी गोल टाकी, त्यात पाणी, आणि पाण्यात दुधाची पावडर मिसळलेली, म्हणजे तळ दिसू नये. पाण्याच्या जरा खाली एका जागी छोटा पाट. उंदीर पाण्यात सोडला की पोहत पोहत कधीतरी त्या पाटावर चढतो. रोज सोडलं की त्याला पाटाची जागा लक्षात राहते आणि तो थेट तिकडे जातो. ज्या उंदरांना हा आजार दिलेला असतो त्यांना जागा लक्षात राहत नाही, ते गरगर फिरत राहतात. औषधाने ते थेट पाटाकडे जाऊ लागले, तर औषधाने आठवण परत आणली असं समजायचं. त्या खोलीला कायम आंबट दुधाचा वास असे. पाहुणे नाकाला रुमाल लावून विज्ञानाचं कौतुक करत.

हे सगळं प्रत्यक्षात करायची ती रुबीना तुंगेकर. सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पनवेलच्या मोहल्ल्यातली, वडील कुवेतला. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला जरा वेळाने लागायचं. तिने पहिल्याच वर्षी सरांना सांगितलं होतं की औषध दिलेले आणि न दिलेले उंदीर एकाच वेळी, मिसळून तपासायला हवेत.

"पाहुण्यांचा गोंधळ होतो," सर म्हणाले. "हिवाळ्यात शाळा-कॉलेजची मुलं येतात. त्यांना विसरणारे उंदीर दाखवू. औषधवाले नंतर, सप्टेंबरात, निवांत."

"सर, पण ऋतू वेगळा, सगळंच वेगळं होईल."

"उंदराला ऋतू काय?"

त्यामुळे विसरणारे उंदीर सत्कारांच्या हंगामात पोहले आणि औषध घेतलेले पितृपक्षात. सलग दोन वर्षं. दोन्ही वर्षी निकाल डोळे दिपवणारा आला. हंगामातले उंदीर गरगरले, पितृपक्षातले सरळ पाटावर चढले. बातम्या आल्या, सत्कार वाढले, शनिवारची गर्दीही वाढली.

त्या गर्दीत काशिनाथ कोळी पहिल्यांदा आला. उरणच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातला, वय झाल्यामुळे होडी सोडलेला. सोबत बायको, हिरा. नऊवारी नीट, कपाळावर कुंकू ठसठशीत, आणि नजर समोरच्या माणसावरून घसरून मागे कुठेतरी. मी तिथे होतो, कारण सरांना हा प्रसंग शब्दबद्ध करून हवा होता.

"मना दादा बोलते ती आता," काशिनाथ म्हणाला. "नवऱ्याला. सुरवातीला हसाया आला. आता नाय येत."

सरांनी आपल्या अंगावरची शाल काढून हिराच्या खांद्यावर घातली. फोटोग्राफर पुढे झाला. हिराने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. शालीच्या किनारीचे गोंडे हातात घेऊन ती ते बोटांनी एकेक सोडवत, चाचपत राहिली, जाळ्याचा धागा तपासावा तशी.

काशिनाथला विचारायचं होतं ते वेगळंच. मुलगा बंदराजवळच्या गोदामात नोकरीला, त्याने द्रोणागिरीला फ्लॅट घेतला होता. म्हाताऱ्यांना तिकडे न्यायचं म्हणत होता. एकदा चार दिवस नेलं, तर हिराला मोरी सापडेना. ती जिन्यात जाऊन बसली आणि घरी चला म्हणून रडू लागली.

"गावच्या घरात काय होत नाय तिला. ऱ्हाव का जाव? पोरगा बोलतो औषद येनार हाय ना, मंग चला. ते आला तं तिकडं बी कलंल तिला. तुमी बोला तसा करू."

"खुशाल जा," सर म्हणाले. "नवी जागा, नवी उमेद. तोवर औषध येतंय."

"कवा?"

"दोन वर्षं धरा."

"विमानतल बी दोनच वर्सांत येनार बोलतात," काशिनाथ म्हणाला. चेहऱ्यावर काही नव्हतं. सर हसले, त्यांना ती स्तुती वाटली. पनवेलच्या लोकांना माहीत होतं की तो विमानतळ किती वर्षं दोन वर्षांवर उभा आहे.

हिराचा फोटो भिंतीवर लागला, कडेला, एका पतपेढीच्या अध्यक्षाच्या खाली. ओळ मीच लिहिली, "रुग्णासमवेत डॉ. कारखानीस". मी हिराचं नाव घातलं होतं. सरांनी ते खोडलं, ओळ लांब होते म्हणून. काशिनाथ मात्र दर दोन महिन्यांनी येत राहिला, आणि दर वेळी दोन वर्षं घेऊन परत जात राहिला. शेवटी मुलाने गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला. पाडव्याला सामान हलवायचं.

त्या पाडव्याच्या आधीच्या हिवाळ्यात ट्रस्टचे अध्यक्ष संस्थेला भेट देणार असं ठरलं. सरांनी टाकीची खोली रंगवून घेतली, पिस्त्याच्या रंगात. फोटो उतरवून केबिनमध्ये रचले. रंग ओला होता म्हणून ते भेटीनंतर लावायचे होते. सप्टेंबरात सरळ पोहलेले उंदीर पाहुण्यांसमोर सोडायचे, असा कार्यक्रम.

अध्यक्ष आले, रुमाल नाकाला लागला. सरांनी शालीचं उदाहरण दिलं, नव्या शालीवर. मग रुबीनाने उंदीर सोडला. तो पोहत टाकीच्या कडेला गेला, कडेकडेने फिरला, पुन्हा फिरला, मध्ये थांबून मान वर करून भिंतीकडे पाहत राहिला, आणि पुन्हा फिरू लागला.

"यालाच औषध दिलंय ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. पाहुण्यांना पाहून जरा बावरलाय."

दुसरा सोडला. तोही बावरला. तिसराही. अध्यक्ष सोज्वळ माणूस, ते म्हणाले, "आमच्याकडे मुलांचं असंच होतं. घरी पाठ, स्टेजवर गप्प." सगळे हसले, चहाला गेले. रुबीना गेली नाही. ती टाकीशी उभी राहून उंदीर बघत होता तिकडे बघत होती. पिस्त्याच्या कोऱ्या भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात आली. "लेले सर, गेल्या वर्षी सत्कार कधी कधी झाले, तुम्हाला आठवतं? फोटोखाली तुम्हीच लिहिता."

"दिवाळी ते शिमगा. रोज उठून एक. का?"

"आणि पितृपक्षात?"

"पितृपक्षात कोण करतंय?"

ती खुर्चीत बसली. "उंदीर पाट कसा शोधतात माहितेय? पाट तर दिसत नाही त्यांना. खोलीतल्या खुणा लक्षात ठेवतात. दार कुठे, दिवा कुठे. आपल्या खोलीत सगळ्यात मोठी, चमकणारी खूण कुठली?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी हसलो. ती हसली नाही.

पुढचे दोन आठवडे तिने एकटीने काम केलं. आधी सोनेरी चौकट जुन्या जागी टांगली. औषधवाले उंदीर सरळ पाटावर. मग तीच चौकट समोरच्या भिंतीवर लावली. उंदीर तितक्याच आत्मविश्वासाने टाकीच्या चुकीच्या टोकाला गेले आणि तिथे पाट शोधत बसले. शेवटी तिने औषध न दिलेले उंदीर घेतले आणि भिंतीला कुणालाही हात लावू दिला नाही. तेही पाटावर चढायला शिकले, औषधवाल्यांइतकेच. म्हणजे उंदरांचा आजार अजून तेवढा वाढलेलाच नव्हता. हंगामातले उंदीर विसरत नव्हते. रोज खासदार आमदाराला सरकवत होता, त्यात ते चुकत होते. व्हीके-नऊने काहीही केलं नव्हतं.

तिने हे सरांना सांगितलं तेव्हा मी केबिनमध्ये होतो, नव्या निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ घेऊन. ती म्हणाली, "सर, उंदीर तुमच्या फोटोवरून पोहतात."

सरांचा चेहरा उजळला. मी तो चेहरा विसरणार नाही. "म्हणजे, ओळखतात मला?"

"चेहरा नाही कळत त्यांना. फ्रेम दिसते. मोठी, सोनेरी."

"पण त्या फ्रेममध्ये मीच आहे ना?"

रुबीनाने मग सगळं क्रमाने सांगितलं, हंगाम, पितृपक्ष, उलट्या भिंतीवरची चौकट. सरांचा उजेड हळूहळू मावळला. त्यांना विषय येत होता, हे मी आधी म्हटलंच आहे. तिसऱ्या वाक्यालाच त्यांना सगळं कळलं असणार. ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल, निदान आपल्या विषयाच्या आदरापोटी. ते म्हणाले, "हे प्रबंधात नको. गोंधळ होतो वाचणाऱ्याचा."

"मी घालणार आहे, सर."

"मार्गदर्शक मी आहे."

"हो, सर."

"आणि पाडव्यानंतर माझा मोठा सत्कार आहे. तोपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. लेले, तुम्हीही."

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी काशिनाथ आला. एकटाच. हिराला आणायचं आता अवघड झालं होतं. व्हरांड्यात सर त्याला भेटले, बाहेर जायच्या घाईत, अंगावर इस्त्रीचा कुर्ता.

"गाडी सांगितली पोरानं. सामान बांधाया घेतलाय," काशिनाथ म्हणाला. "एकदा तुमाला इचारावं बोललो. जाव ना?"

"जा जा. पाडव्यासारखा मुहूर्त नाही."

रुबीना प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. ती पुढे आली. "काका, औषध नाहीये."

"रुबीना," सर म्हणाले.

"ते औषध लागू पडत नाही, काका. दोन वर्षांत नाही येणार. कधी येईल ते कुणालाच माहीत नाही."

काशिनाथने सरांकडे पाहिलं नाही. तो तिच्याकडेच बघत होता. "मंग?"

"घरात काकूंना कुठे जायचं ते कसं कळतं?"

"देवाची फली लागली का तिकडून चुलीकं. चुलीकडून मोरीला. हात लावत लावत जाते. रात्रीची बी जाते."

"मग त्यातलं काही हलवू नका. फळीसुद्धा नाही. त्यांना लक्षात नाही राहत, पण त्या खुणा अजून कळतात. नव्या घरात एकही खूण नसेल."

काशिनाथ व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसला. सर घड्याळ बघत होते, पण जाताही येईना. मग काशिनाथ त्यांच्याकडे वळला. "डाक्टर, मंग तुमी इतकी वर्सा काय सांगत व्हतं?"

"विज्ञानाला वेळ लागतो, काका."

"येलाचा आमाला नको सांगू. भरतीला बी येल लागतो. पन ती येते."

तो उठला, रुबीनाच्या डोक्यावर हात ठेवला. "बरा झाला बोललीस. आता वाट तरी नाय बघाची." आणि गेला. फाटकापाशी थांबून त्याने गाडी नको म्हणून मुलाला फोन लावला. त्याचा आवाज मोठा होता, आम्हाला व्हरांड्यात ऐकू आला.

सर रुबीनाला म्हणाले, "पेशंटसमोर असं बोलायचं नसतं."

"ते आपले पेशंट नाहीत, सर. आपण उंदरांचे डॉक्टर."

सर गाडीत बसून निघून गेले. एका छोट्या सत्काराला उशीर झाला असता.

प्रबंध पुढच्या वर्षी तयार झाला. रुबीनाने तो सरांच्या टेबलावर ठेवला आणि माझ्यादेखत स्वच्छ सांगितलं, "सर, भिंतीचं प्रकरण त्यात आहे. पाचवं. वाचून घ्या."

"हो, हो," सर म्हणाले आणि ऋणनिर्देश उघडला. तो त्यांना आवडला. रुबीनाने कंजुषी केली नव्हती, 'द्रष्टे' सुद्धा घातलं होतं. शेवटच्या परिच्छेदात हिरा आणि काशिनाथ कोळी यांचे आभार होते. तिथे सरांचं पेन घुटमळलं. "हे कोण?" मग वाचायची मर्यादा ओलांडली गेल्यासारखं त्यांनी पान उलटलं, बाकीचा प्रबंध अंगठ्याखालून सोडला, आणि सही केली. पाचवं प्रकरण त्यांच्या अंगठ्याखालून गेलं तेव्हा मी आणि रुबीना दोघंही त्या अंगठ्याकडेच बघत होतो.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर आणि चिडखोर होते. त्यांनी पहिली चार प्रकरणं बाजूला सारली. "हे नेहमीचं आहे. पाचवं मात्र मी दोनदा वाचलं. स्वतःच्या लॅबचा निकाल असा उघड खोडून काढायला हिंमत लागते."

मी सरांकडे पाहिलं. त्यांना पाचव्या प्रकरणाची बातमी त्याच क्षणी मिळत होती. मग ते सावकाश उठले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेत आम्ही स्वतःलाच सगळ्यात आधी तपासतो. मी रुबीनाला पहिल्या दिवसापासून हेच सांगत आलोय."

रुबीनाने मान खाली घातली. तिला पदवी मिळाली आणि ती बंगळुरूला निघून गेली. आजही तिथे तेच काम करते, मिसळून तपासलेल्या उंदरांवर.

सरांनी त्यानंतर व्हीके-नऊचं नाव टाकलं, पण सत्कार सोडले नाहीत. भाषण फक्त बदललं. आता ते वैज्ञानिक प्रामाणिकपणावर बोलत. कामोठ्याच्या एका हॉलमध्ये मी स्वतः ऐकलं. "माझा निकाल चुकीचा आहे, हे जगाला मी स्वतः सांगितलं." टाळ्या पडल्या. शाल आली. उंदीर त्या भाषणात हळूहळू हुशार होत गेले. शेवटी शेवटी ते सरांचा चेहरा ओळखू लागले होते आणि श्रोत्यांना तो भाग फार आवडे.

काशिनाथ मला बऱ्याच वर्षांनी पनवेलच्या मासळीबाजारात भेटला. हिरा गेली होती. गावच्याच घरात. "आमी फली बी हलवली नाय," तो म्हणाला. "घराला रंग देयाचा व्हता पोराला, ता बी नाय दिला. शेवटपरत मोरीला एकटी गेली." मग म्हणाला, "मना दादाच बोलायची. चालंल." त्याने माझ्या पिशवीत दोन बांगडे जास्त टाकायला कोळणीला सांगितलं आणि गर्दीत शिरला.

सर निवृत्त झाल्यावर रोडपालीला राहायला गेले. संस्थेची काही पुस्तकं त्यांच्याकडे राहिली होती, ती आणायला मी गेलो. ती त्यांची शेवटची भेट. दार उघडलं आणि समोर सगळी भिंत होती, टाकीच्या खोलीतली, जशीच्या तशी. मधोमध सोनेरी चौकट. नवा सत्कार फारसा होत नसावा, कारण मांडणी स्थिर दिसत होती.

सरांनी मला पुस्तकं द्यायच्या आधी भिंत दाखवली. त्यांची स्मृती उत्तम होती, त्यांच्या विषयाला शोभेशी. कुठला फोटो कुठल्या साली, पाहुणे कोण, हॉल कुठला, शाल कुठल्या रंगाची, श्रीफळाऐवजी एकदा चुकून सुपारी दिली गेली तो प्रसंग, सगळं बिनचूक. कुलगुरूंच्या सुनेचं नावही त्यांना आठवत होतं.

कडेला, पतपेढीच्या अध्यक्षाच्या खाली, ते थांबले. नऊवारीतली एक बाई, खांद्यावर शाल, नजर कॅमेऱ्याकडे नाही. हातात शालीचे गोंडे.

"ही कोण बरं?" सर म्हणाले. चष्मा वर सरकवून त्यांनी खालची ओळ वाचली. तीत नाव नव्हतं. "कुणीतरी पेशंट. शाल मात्र चांगली होती. परत मागायला हवी होती."

मग त्यांनी रुमालाने त्या फोटोची काच पुसली, चौकट जरा वाकडी झाली होती ती सरळ केली, आणि पुढच्या फोटोकडे वळले.